सावरगावचा दगड

डुकरांनी मक्याचं वावर पार उलथून टाकलं होतं. बांधापासून संत्र्याच्या पहिल्या ओळीपर्यंत एक ताट म्हणून उभं राहिलं नव्हतं. दुधात आलेली कणसं अर्धी चावायची आणि चिखलात टाकून द्यायची, ही डुकरांची खोडच. बरं, त्यांची पंगत उठून गेली, उजाडलं, उरलंसुरलं टिपायला कावळे उतरले, तरी राखणदार आपला मचाणावरून हलला नव्हता. गुडघे पोटाशी, कानात इयरफोन, हातात मोबाईल.

दामिनी चहाचा डबा घेऊन बांधावर आली आणि तिथंच थांबली. आधी तिला वाटलं, पोराला झोप लागली असेल. झोप लागली असती तर बरं झालं असतं, झोपेला निदान माफी असते. पण रोशन टक्क जागा होता आणि कोणाशी तरी बोलत होता.

"मागून ये बे सौरभ, मागून. मी आहो न. घाबरू नोको, मी कव्हर देतो तुले."

असा भरदार आवाज तिनं त्याच्या तोंडून घरात कधी ऐकला नव्हता. घरात हा पंधरा वर्षांचा पोरगा भाजी हवी असली तरी बोटानं दाखवायचा. तिनं हाक मारली, पुन्हा मारली, त्याच्या कानापर्यंत काही पोचलं नाही.

मागून कुलदीप, तिचा नवरा, बैल घेऊन येत होता. दुसऱ्या दिवशी पोळा, बैल धुवायला न्यायचे होते. त्यानं वावर पाहिलं, मचाण पाहिलं, कासरे बोरीच्या खुंटाला गुंडाळले आणि शिडी चढला. पोराला मानेला धरून खाली ओढलं. रोशन चिखलात तोंडावर पडला, तरी त्याचा एक हात वर होता, मोबाईलला माती लागू नये म्हणून. त्या वर धरलेल्या हातानंच कुलदीपचं डोकं फिरलं.

"रातभर काय करून राहिला होता बे?"

"जागलच करून राहिलो होतो."

"डुकरं तुह्या बुडाखालून मका खाऊन गेले. अन् तू कोणाले मारत होता तिथं?"

बैल हाकायची काठी, टोकाला लोखंडी खिळा, तिला तुतारी म्हणतात. पोळ्याच्या आदल्या दिवसापासून ती बैलाला लावायची नाही, हे कुलदीप पाळायचा, त्याचा बापही पाळायचा. बैलाला न लागलेली ती तुतारी त्या सकाळी पोराच्या अंगावर मोडली. आधी बुडखा, मग टोक. खांद्यावर, पाठीवर, हात आडवा आला तर हातावर. रोशन ओरडला नाही, नुसता प्रत्येक फटक्याला नाकातून श्वास सोडत राहिला. शर्टावर ठिपके उमटले आणि ठिपक्यांचे डाग झाले. बैल उभे राहून पाहत होते.

दामिनी मध्ये पडली तेव्हा एक फटका तिच्या मनगटावर बसला. बांगड्या फुटल्या, चहा चिखलात गेला. "मारून टाकता का लेकराले?" ती म्हणाली. कुलदीप थांबला, धापा टाकत इकडंतिकडं पाहू लागला आणि मग एक दगड उचलून मोबाईलवर घालायला निघाला.

आता इथं तिनं जे केलं ते तिला मोठं शहाणपणाचं वाटलं होतं. तिनं मोबाईल उचलला, पदराला पुसला आणि ब्लाउजात खोचला. "फोडू नका. मी ठेवून देते. दहावीचा पेपर होईतोवर त्याच्या हाताले लागणार नाही."

"आई," रोशन पहिल्यांदा बोलला, "सौरभ एकटा आहे तिकडं."

"कुठं एकटा आहे?"

"गेममंदी."

कुलदीपनं त्याच्या तोंडावर उलट्या हाताची एक ठेवून दिली.

सौरभ म्हणजे दामिनीच्या भावाचा, भिवाजीचा पोरगा. राहायला सावरगावला. इकडे पांढुर्णा, तिकडे सावरगाव, मध्ये जाम नदी, आणि एका काठावरून हाक मारली तर दुसऱ्या काठावर ऐकू जावी एवढंच अंतर. दामिनी लग्न होऊन आली ती हीच नदी ओलांडून, टेम्पोत बसून, बँड वाजवत, आणि तेव्हा कोणी कोणाला खडाही मारला नव्हता. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी हीच दोन गावं काठांवर उभी राहून एकमेकांवर दगड घालतात. कधी काळी इकडच्या पोरानं तिकडची पोरगी पळवून आणली आणि भर नदीत दोघांवर दोन्हीकडून दगड पडले, असं सांगतात. तेव्हापासून ही गोटमार. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवायचं, त्याला झेंडा बांधायचा, आणि ज्यांनी झाड तोडून झेंडा नेला ते जिंकले. डोकी फुटतात, दात पडतात, एखादा माणूसही जातो. साळा मेव्हण्याला मारतो, मामा भाच्याला मारतो, आणि दुसऱ्या दिवशी डोक्याला पट्ट्या बांधून एकमेकांच्या घरी चहाला जातात. पोलीस येतात, दवाखान्याच्या गाड्या येतात, वरून समज येते. दगड काही थांबत नाहीत.

दामिनीच्या सासऱ्याचा, रघुनाथरावांचा, डावा डोळा याच नदीत गेला होता. वर्षभर म्हाताऱ्याला कोणी पाणी विचारत नसे, पण गोटमारीच्या दिवशी पोरं येऊन पाया पडत. अशा घरातला नातू नदीवर जात नाही, दार लावून गेम खेळतो, म्हटल्यावर शाळेतल्या पोरांनी त्याची काय गत केली असेल ते सांगायला नको. त्याला भित्रा असं नावच पडलं होतं. दप्तरात खडे भरून ठेवत. एकदा मैदानात चौघांनी धरून त्याच्या पँटीत खडे भरले आणि घरापर्यंत तसंच चालायला लावलं. त्यानंतर तो मैदानात गेला नाही. घरी यातलं काही सांगितलं नाही. मोबाईलमध्ये त्याला कोणी भित्रा म्हणत नव्हतं एवढं खरं.

दामिनीला तेव्हा हे माहीत असतं तर तिचा हात जरा अडला असता. तिनं ज्वारीच्या कोठीत कोपरापर्यंत हात घातला आणि मोबाईल तळाशी पुरला.

दिवसभर रोशन ओट्यावर पालथा पडून होता. जेवला नाही, पाणी प्यायला नाही. हातात काही नसताना त्याचे अंगठे मात्र हलत होते, थांबायलाच तयार नव्हते. उन्हं कलल्यावर त्याची धाकटी बहीण दिपाली न्हाणीपाशी भांडी घासायला बसली.

"दिपे, आईनं मोबाईल कुठं ठेवला?"

"मले माहीत आहे. सांगत नाही पण."

"सांग न."

"कायले सांगू? जाय वावरात, डुकरं वाट पाहून राहिले तुही."

ओट्याच्या कडेला पाण्याचा पितळी लोटा होता. रोशन उठलासुद्धा नाही. पडल्या पडल्या हात मागे नेला आणि लोटा फेकला. तो सरळ जाऊन दिपालीच्या भुवईवर बसला. पोरगी आधी गप्प झाली, मग राखेनं भरलेले हात तोंडावर घेऊन तिनं असा टाहो फोडला की शेजारची बाई भिंतीवरून डोकावली. बोटांमधून रक्त आणि राख एकत्र गळत होतं. दामिनी धावली, पोरीच्या कपाळावर हळद दाबली, आणि मग वळून तिनं रोशनच्या पाठीत दोन गुद्दे घातले. कुठं घातले ते मारल्यावर तिला कळलं. सकाळच्या जखमेतून शर्ट पुन्हा भिजला होता. रोशन आपल्याच हाताकडे पाहत बसला होता, जणू तो दुसऱ्या कोणाचा होता.

खाटेवरून रघुनाथरावांनी हे सगळं एका डोळ्यानं पाहिलं. म्हातारा हसला.

"पाह्यलं का कुलदीप? न उठता मारला. अन् नेमका मारला. हात आहे पोट्ट्याले."

कुलदीप बैलांच्या झुली झटकत होता. तो थांबला. ओटा पाहिला, न्हाणी पाहिली, मधलं अंगण पाहिलं. आणि सकाळपासून पहिल्यांदा त्याचा चेहरा सैल झाला.

"हाव बाबा. हात तं आहे."

"मंग परवा ने त्याले नदीवर. घरात सडून राहिला बिचारा."

"नेतोच. मोबाईलमंदी खोटे माणसं मारते, खोटं रगत पाहते. एकदा खरं पाहू द्या, सगळी उतरन त्याची."

"मामाजी, काय बोलून राहिले तुम्ही?" दामिनी म्हणाली. "बहिणीचं डोकं फोडलं त्यानं, अन् तुम्ही शाबासकी देऊन राहिले."

"बाईमाणसानं यात पडू नाही," म्हातारा म्हणाला.

ती कुलदीपकडे वळणार, तर तिला रोशन दिसला. पोरगा उठून बसला होता आणि बापाच्या तोंडाकडे पाहत होता. बापानं त्याच्याकडे असं कधी पाहिलंच नव्हतं. शाळेत नंबर आला तेव्हा नाही, ताप चढला तेव्हा नाही.

संध्याकाळी कुलदीपनं बैलांचे खांदे शेकले. पळसाच्या पानानं कोमट लोणी आणि हळद जुवानं घट्टे पडलेल्या मानेवर चोळली आणि दरसालसारखा बैलांच्या कानाशी म्हणाला, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. वाटीत लोणी उरलं होतं. दामिनी ती वाटी घेऊन रोशनपाशी बसली, शर्ट सोडवला आणि तेच लोणी त्याच्या खांद्याला लावू लागली. खांदा काळानिळा होता. जिथं खिळा घुसला तिथं बोट टेकवता येत नव्हतं.

"मोबाईल देऊन दे आई. एकदाच. सौरभले सांगतो अन् परत देतो."

"काय सांगतं?"

"का मी नाही येत म्हणून. तो वाट पाहत असन. एकटा असला का त्याले मारून टाकतात."

"खेळातच न?"

"हाव," रोशन म्हणाला, "खेळातच."

तिनं दिला नाही. आता वाटतं, त्याच वेळी उठून कोठीत हात घालायला हवा होता. पण दिपालीच्या कपाळावरची चिंधी समोर दिसत होती.

पोळ्याच्या दिवशी बैल तोरणाखालून फिरून आले, पुरणपोळी खाऊन बसले, आणि दुपारी दामिनीच्या वहिनीचा, मीनाचा, फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर मीना म्हणाली, "रोशनले बरं नाही का ताई? सौरभ कालपासून तोंड पाडून बसला आहे. रोशन गेमवर येत नाही म्हणते."

दामिनीनं झालं ते सांगितलं. मका, तुतारी, लोटा.

"ताई, ऐन गोटमारीच्या तोंडावर मोबाईल काऊन काढला वो तुम्ही? या दोघाईचं ठरलेलं आहे, तुम्हाले माहीत नाही का? गोटमारीच्या दिवशी दोघं दिवसभर संगं खेळतात. तो तिकडं दार लावून, हा इकडं दार लावून. कोणी बोलवाले आलं का म्हणतात, आमची मॅच आहे. तीन साल झाले, त्या एका दिवशी मी मोबाईलले हात जोडते. माह्या नवऱ्याले मी अडवू शकत नाही, पण पोरगं घरात राहते."

दामिनीनं फोन ठेवला. तीन वर्षं तिनं रोशनला याच दिवशी बंद दाराबाहेरून शिव्या घातल्या होत्या, सणावारी तरी बाहेर ये म्हणून. तिला स्वतःचा असा राग आला की काय करावं सुचेना. ती सरळ कोठीकडे गेली. मोबाईल काढला, ज्वारीचे दाणे झटकले आणि ट्रंकेमागे चार्जिंगला लावून ठेवला.

सकाळी ती मोबाईल घेऊन ओट्यावर आली, तर कुलदीप पोराच्या डोक्याला दुपट्टा बांधत होता. स्वतःच्या हातानं. कानावरून एक पदर, कपाळावरून दुसरा, मागे गाठ.

"चपटा दगड नोको घेऊ, भरकटते. गोल घे. अन् हात खांद्यातून नाही, कमरेतून आला पाहिजे. दुखते का खांदा?"

"नाही," रोशन म्हणाला. दुखत होता हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

दामिनीनं मोबाईल त्याच्यापुढे धरला. "घे. सौरभ वाट पाहून राहिला. खेळ बाप्पा. दिवसभर खेळ, जेवण मी खोलीत आणून देते."

म्हातारा खाटेवर खोकत हसला. कुलदीप हसला नाही. त्यानं गाठीवरचा हात काढला आणि बाजूला झाला. "घे न बे. बस घरी, बायकांत. मी एकटाच जातो, मले काही सवय नाही का?"

रोशननं मोबाईल घेतला. पडदा उजळला, सौरभचे मेसेज खालीवर पळाले. पोराचे अंगठे आपसूक पडद्यावर गेले. त्यानं एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा बापाच्या पाठीकडे. बाप खरंच चालायला लागला होता.

"आई, त्याले सांगून दे," तो म्हणाला आणि मोबाईल परत तिच्या हातात ठेवला. "म्हण, रोशन बाबासंगं गेला."

सांगायचं कसं ते तिला धड येत नव्हतं. ती अक्षरं शोधत बसली असताना तिच्याच हातात मोबाईल थरथरला. सौरभचा मेसेज होता. उत्तर देत नाही, नदीवर गेला का बे. थांब तिथंच. मी तुले न्यायले येऊन राहिलो.

तिनं मीनाला फोन लावला. "सौरभ कुठं आहे?"

"आत्ता तं खोलीत होता." चपला ओढत चालल्याचा आवाज आला, दार ढकलल्याचा आला. "ताई, पोरगा नाही आहे वो."

बायका नदीत उतरत नाहीत. गच्चीवरून पाहतात, आणि ज्यांचं माहेर पलीकडचं त्या तेही पाहत नाहीत, देवाजवळ बसतात. कारण मागावं काय हेच कळत नाही. नवरा वाचव म्हणावं तर दगड भावाला लागतो. दामिनी पदर खोचून धावत सुटली. भज्यांच्या गाड्या, पिपाण्या विकणारे, गच्च्यांवर बसून दाणे खाणारी माणसं, सगळं मागे टाकत ती काठावर आली तेव्हा दगडांचा आवाज सुरू झाला होता. गारा पत्र्यावर पडाव्या तसा. मध्येच एखादा वेगळा आवाज यायचा, जाड, ओला. तो दगड माणसाला लागल्याचा.

वाटेत एक पोरगा डोकं धरून बसला होता आणि एक म्हातारा त्याच्या फुटलेल्या टाळूवर, जिच्या नावानं गोटमार चालते त्या चंडीमातेची राख दाबत होता. पोरगा हसत होता, दातांवर रक्त होतं. दुसऱ्या एकाला चौघं उचलून नेत होते, त्याचा पाय गुडघ्याखाली भलतीकडेच वळलेला. ढोल वाजत होते. माणसं दगड उचलत, मारत, वाकत, पुन्हा उचलत, निंदणाला बसल्यासारखी एका लयीत. तिला रोशन दिसला.

तो बाकीच्यांसारखा नाचत नव्हता. पाण्याच्या कडेला पडलेल्या एका खडकाआड बसायचा, पलीकडे नीट पाहायचा, उठून एकच दगड मारायचा आणि पुन्हा खाली बसायचा. त्याचा एकही दगड वाया जात नव्हता. पलीकडे माणूस खाली बसला की इकडे कुलदीप त्याच्या खांद्यावर थाप मारायचा, त्याच खांद्यावर, आणि हातात नवा दगड द्यायचा. "मार राजा. थो पाह्य, लाल शर्टवाला. मार." आजूबाजूचे लोक वळून पोराकडे पाहत होते. ज्या चौघांनी पँटीत खडे भरले होते त्यातला एक तर त्याला दगड आणून देत होता. रोशनचं तोंड फुललं होतं. आपल्या पोराला इतकं सुखात तिनं कधी पाहिलं नव्हतं, आणि तेच तिला पाहवेना.

"रोशन," ती ओरडत खाली उतरली. कोणाला ऐकू जाणार?

तेवढ्यात पलीकडच्या काठावरून सौरभ पाण्यात उतरला. किडकिडा पोरगा, डोक्याला काही बांधलेलं नाही, एका हातात मोबाईल, आणि दोन्ही हात वर. "रोशन," तो हाक मारत होता, "चाल न बे. चाल घरी."

रोशन खडकाआडून उठला. हातातला दगड खाली गेला.

"पाह्य," कुलदीप म्हणाला, "तुह्या मामाचाच पोट्टा आला. लय मोठा झाला. मार त्याले."

"बाबा, थो खेळाले नाही आला. मले बोलवाले आला."

"पाण्यात उतरला न? मंग थो सावरगावचा."

"बाबा, नोको."

"अबे, इथं कोणी कोणाचं नसते," कुलदीप हसत म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, द्वेष नव्हता, सणाचा आनंदच होता. त्यानं कमरेतून हात आणला आणि दगड सोडला. तो सौरभच्या जबड्यावर बसला. पोरगा बसकण मारल्यासारखा पाण्यात बसला आणि मग तोंडावर पडला. पाणी लाल झालं. इकडच्या काठावर आरोळी उठली.

कुलदीप पोराची शाबासकी घ्यायला वळला. दामिनी तेव्हा त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर आली होती, म्हणून तिनं पाहिलं. दुसऱ्या कोणी पाहिलं नाही, सगळ्यांचे डोळे पाण्याकडे होते. रोशन एक पाऊल मागे सरला, हात मागे नेला, आणि बापानंच दिलेला तो गोल दगड बापाच्या हसत्या तोंडावर मारला. कमरेतून. कुलदीप दोन्ही हात डाव्या डोळ्यावर घेऊन गुडघ्यावर आला. बोटांतून जे आलं ते नुसतं रक्त नव्हतं.

रोशन थांबला नाही. तो पाण्यात शिरला. दोन्ही काठांवरून दगड पडत होते आणि तो वाकूनसुद्धा चालत नव्हता. सौरभला त्यानं उलटा केला, तोंड पाण्याबाहेर घेतलं आणि त्याच्यावर आडवा झाला. एक दगड त्याच्या पाठीत बसला, एक मांडीवर, एक दुपट्ट्यावर. तो कोणत्या गावचा होता हे आता दोन्ही गावांना कळत नव्हतं, म्हणून दोन्ही गावं मारत होती. दामिनी कमरेइतक्या पाण्यात त्याच्यापर्यंत पोचली तेव्हा तिला त्याचा आवाज ऐकू आला. तोच, मचाणावरचा, भरदार.

"मी आहो न बे. घाबरू नोको. मी आहो."

सौरभचा बाप भिवाजी पलीकडून धावत आला, आणि बाईमाणूस पाण्यात पाहून लोकांचे हात आवरले. दुसरीकडे कोणीतरी पळस तोडला. कोणत्या गावानं, ते दामिनीला आजही माहीत नाही.

दवाखान्यात सौरभचा जबडा बांधून त्याला नागपूरला पाठवलं. डॉक्टर म्हणाले, वाचेल, पण महिनोन्महिने बोलता येणार नाही. कुलदीपच्या डोळ्याचं मात्र काही उरलं नव्हतं. रोशनच्या टाळूला टाके पडले, बरगडी गेली. तो बाहेर बाकावर बसला होता.

हवालदार आला. दिवसभर उभं राहून पायाला गोळे आलेला साधा माणूस होता. "बाई, तुम्ही जवळ होते म्हणतात. कुलदीपभाऊच्या डोळ्यावरचा दगड कोणीकडून आला? पलीकडचा असन तं गोटमार, मले काही म्हणायचं नाही. आपसातला असन तं केस बनते."

दामिनीनं बाकाकडे पाहिलं. आयुष्यात तिनं माहेराला एक उणा शब्द लावू दिला नव्हता.

"सावरगावचा," ती म्हणाली. "माह्या माहेराकडून आला."

"नाही," रोशन बाकावरून म्हणाला. "मी मारला. पाहून मारला."

मग रघुनाथराव काठी टेकत पुढे आले. "पोट्ट्याच्या डोक्याले मार लागला साहेब. अन् तसंही त्याचं डोकं ठिकाण्यावर नाही. मोबाईल पाहून पाहून मेंदू खराब झाला. घरातल्या पोरीलेही मारलं त्यानं." जमलेल्या माणसांनी माना हलवल्या. आजकालच्या पोरांचं असंच आहे, कोणी म्हणालं. त्या गेमांनी सत्यानाश केला, दुसरा म्हणाला. त्याच्या स्वतःच्या कपाळावर पट्टी होती आणि पट्टीतून रक्त झिरपत होतं. दामिनीला वाटलं, याची ती पट्टी ओढून काढावी.

हवालदार आत खाटेपाशी गेला. "कुलदीपभाऊ, तुम्ही सांगा. दगड कोणीकडचा?"

कुलदीपचा उरलेला डोळा दाराकडे गेला. दारातून बाक दिसत होता. त्यानं बराच वेळ पाहिलं आणि डोळा भिंतीकडे फिरवला.

"सावरगावचा."

झालं, हवालदार गेला. मग गावची पोरं येऊ लागली. एकेक जण आत यायचा, कुलदीपच्या पायांना हात लावायचा. डोळा देला चंडीमातेले, असं म्हणायचा आणि बाहेर जायचा. ते चौघंही आले. त्यांनी बाहेर पडताना रोशनच्या खांद्यावर थाप मारायला हात उचलला, आणि त्यानं मान वर करून पाहिल्यावर हात तसाच खाली घेतला. रघुनाथराव खाटेच्या पायथ्याशी ताठ बसले होते.

गर्दी सरल्यावर कुलदीपनं दामिनीला जवळ बोलावलं. त्याचा आवाज इतका बारीक होता की तिला वाकावं लागलं.

"त्याचा मोबाईल आहे का तुह्याजवळ?"

"आहे."

"देऊन दे त्याले. खेळू दे. मी काही म्हणत नाही."

तिनं दाराबाहेर पाहिलं. रोशन मघासारखाच बसला होता. हात मांडीवर उताणे पडले होते, नखांत वाळू होती, अंगठे हलत नव्हते.

"मी सकाळीच देला होता," दामिनी म्हणाली. "आता घेत नाही तो."